पोर मला ताई म्हणाली तो दिवस

माय,

तू गेल्याला सोळा वर्षं झाली. मला लिहायची सवय नाही, चौथीतून तूच काढलंस. तरी आज बसलेय, कारण मला तुझा राग आलाय आणि भांडायला तू नाहीस.

सुरतेत प्लेग आला त्याच्या आदल्या वर्षी माझा नवरा गेला, तेव्हा मी चोवीसची, पोर तीन वर्षांची. उधन्याला तुझ्या खोलीत आपण दोघी साड्यांना टिकल्या चिकटवायचो. वर्षभरात तू माझा पाट लावायचं ठरवलंस. माणूस कडोदऱ्याचा, लूमवर कारागीर, बायको मेलेली, दोन पोरं. मी म्हटलं, माझ्या पोरीचं काय? टिकलीवरची नजर न काढता तू बोललीस, "बोका दुसराना पिल्ला ठेवस का? ती माझी धाकटी लेक, असं सांगितलंय मी त्यांना." पाटाच्या बाईनं आधीचं लेकरू माहेरी ठेवायचं, ही आपल्यात रीत होतीच. पण ठेवायचं, लपवायचं नाही. आणि गावी तूच ना कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवायचीस? ती मेली मुकाट्यानं उबवायची, पिल्लं डबक्यात उतरली की काठावर ओरडत फिरायची. कुणाची म्हणून विचारलं नाही तिनं. जनावरांतलं तुला सोयीचं तेवढंच दिसलं.

ते बघायला आले तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. तो चटईवर बसलाय. त्याची दोन पोरं मधोमध खमण खातायत, तेलकट हात पडद्याला पुसतायत. त्यांना कुणी लपवलं नाही. उलट त्याची बहीण कौतुकानं म्हणते, "पोरं गरीब आहेत हो, तुम्हाला त्रास नाही द्यायची." माझी दारात उभी, आठ दिवस तू पढवलेली. "ताई, पाणी दे," म्हणाली. कुणीच चमकलं नाही. तू हसलीस.

मी त्याची दोन्ही पोरं वाढवली, चांगली वाढवली. माझी तुझ्याकडे वाढली. सगळं कळल्यावरही मला ताईच म्हणते.

आता तिचं लग्न मोडलंय, पदरात मुलगा. तिच्या दुकानातला एक माणूस दर रविवारी तिला फिरायला नेतो, मुलासकट. चाळीतल्या बाया तोंडावर म्हणतात, "दुसऱ्याचं तयार पोर कोण पाळतं गं?" ती म्हणते, "तुम्हाला पाळायला सांगितलंय का?" काल मला म्हणाली, "ताई, मी मुलाला घेऊनच जाणार. तुझ्या वेळी त्यानं नाही म्हटलं ना?" मी म्हटलं, "हो. त्यानं आणि मायनं." माझा हा नवराही आता नाही. खोटं पाडायला कुणी उरलं नाही.

त्या दिवशी तू त्याच्या बहिणीला रिक्षापर्यंत सोडायला गेलीस. तो चपला घालता घालता मागे राहिला. हळूच म्हणाला, "छोकरी तुमचीच वाटते. असली तर आणा. दोनात तिसरी." मला वाटलं, पारखतोय, खरं बोलले तर उठून जाईल. मी म्हटलं, "नाही हो, बहीण आहे."

तेव्हा तू तिथं नव्हतीस, माय. हे मी पोरीला सांगितलेलं नाही.