बारावा पाय

माय, आज तो गुरुवार आहे, मोठ्या शुक्रवारच्या आदल्या दिवसाचा, येशूनं आपल्या बारा चेल्यांचे धुतले तसे पाद्रीबाबानं बारा जणांचे पाय धुण्याचा. सकाळपासून मी ती मोठी परात चिंचेनं घासून राहिली होती. आता ती अंगणात उन्हाले ठेवली आहे, वाळेपर्यंत हाताले दुसरं काम नाही, म्हणून लिहायले बसली. तुले माहीत आहे, मले नुसतं बसून राहता येत नाही. मास्तरानं पाटीवर शिकवलं तेवढंच येते, जोडाक्षर आलं की अजूनही गाडी रुतते. पण आज लिहिल्याबिगर राहवत नाही, कारण काल माझं नव्या पाद्रीबाबाशी वाजलं. त्यानं गिरजात सांगितलं की बाहेरगावचे पाहुणे येणार आहेत, तर बाराही जणांनी पाय स्वच्छ धुऊन यावं. मी तिथंच उभी राहिली आणि म्हटलं, बाबा, धुतलेले पाय धुता तं मंग धुता काय? बाया पदरात तोंड घालून हसल्या. तो गोरा माणूस कानापर्यंत लाल झाला, मग तोही हसला आणि म्हणाला, बरं बाई, जसे असतील तसे येऊ द्या. तू असती तर घरी आल्यावर मले म्हटलं असतं, पोट्टे, तुया जिभेले हाड नाई. आणि मी म्हटलं असतं, तुयाच पोटची हाय.

तो जुना पाद्रीबाबा आठवते का तुले? लांब दाढीचा, कंबर धरून चालणारा. आगगाडी बडनेऱ्यापर्यंत आली ते साल. कुठं तरी समुद्रापार लढाई चालू होती म्हणे, आणि तिच्यापायी आमच्या वऱ्हाडातल्या कापसाले सोन्याचा भाव आला होता. लढाई कोणाची, कायच्यासाठी, आम्हाले काही पत्ता नाही. आम्हाले दिसत होत्या त्या गाड्या. राजापेठेच्या पलीकडे तेव्हा सारे मळेच होते, आपलाही तिथंच. वाफ्यात मेथी खुडता खुडता मी मान वर करते तर रस्त्यानं गाड्यामागं गाडी, बैलांच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या, आणि बाभळीच्या काट्यांवर कापूस असा अडकलेला की झाडाले पांढरी फुलं आल्यावाणी दिसते. तू म्हणायची, लोकं येडे झाले, कापूस खातीन का? आणि तूच बाजारात वांग्याचा भाव वाढवून यायची.

बाप पटकीनं गेला तेव्हा आपल्या दारात कोणी पाय ठेवला नाही. पाद्रीबाबा आला, त्यानं बापाले खांदा दिला, आणि पुढच्या वर्षी तू माझा हात धरून गिरजात गेली आणि आपण दोघी त्यांच्या धर्मात आलो. गिरजा म्हणजे काय, मातीच्या भिंती, वर कवेलू, पुढं लांब ओसरी. देव बदलला, पण तू काही बदलली नाही. पाणी तुले आपल्याच विहिरीचं लागे. गिरजात जाताना तू तुझा पितळेचा, फिरकीच्या झाकणाचा तांब्या भरून घ्यायची आणि ओसरीच्या खांबाआड ठेवायची. त्याले कोणी हात लावायचा नाही, मीसुद्धा विचारल्याबिगर नाही. त्याची फिरकी अशी कुरकुरायची की प्रार्थनेत बसलेल्या साऱ्यांले कळे, माळीणबाई पाणी पिऊन राहिली.

आणि मले तर तोच आवडला होता ज्याची सावली तू त्या तांब्यावर पडू दिली नसती. त्याचे आईबाप चामड्याचं काम करायचे. तो लहानपणीच पोरका झाला, पाद्रीबाबानं वाढवला, मोठा झाल्यावर कापसाच्या गाडीवर लागला. त्यानं मले कधी काही म्हटलं नव्हतं. गाडी आपल्या मळ्यावरून न्यायचा आणि बैलांशी जरा जास्तच मोठ्यानं बोलायचा, बस. पण तुले कळलं. तू मेथीच्या जुड्या बांधता बांधता, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तो पोट्टा देवाचा असन. पण माह्या चुलीपाशी नाई बसत." मी विचारलं, कावून? तर तू जुडीची गाठ इतकी करकचून आवळली की पानं तुटली. कामठीहून एक स्थळ आलं होतं, मूळचे आपल्यासारखे माळीच, मुलगा लिहिणारा-वाचणारा. उपासाच्या दिवसांत लग्नाची बोलणी करत नाहीत म्हणून ते थांबले होते. पास्काचा, येशू पुन्हा उठल्याचा, सण झाला की तू त्यांले शब्द देणार होती. म्हणून सारा गाव सणाची वाट पाहून राहिला होता आणि मी म्हणत होती, हा सण यंदा येऊच नये.

त्या साली पाद्रीबाबाले बारा माणसं मिळेनात. एरवी म्हातारे, लंगडे, बिनकामाचे लोक हौसेनं येत, कारण पाय धुतल्यावर भाकर आणि गुळाचा खडा मिळायचा. पण कापसाच्या त्या धांदलीत म्हाताऱ्यालेही सरकी वेचायचं काम होतं. आणि जे मोकळे होते ते घाबरत. एवढा देवाचा माणूस खाली बसून आपला पाय धुतो, वरून त्याले ओठ लावतो, हे पाप कोणाच्या आंगावर जाईन? दुसरी अडचण आपल्या वऱ्हाडाची होती. पाद्रीबाबाले ती कोणी सांगितलीच नाही. आपल्याकडे पाय धुतात ते जावयाचे, मांडवात, सासूसासऱ्यांनी. पलटणीतून पेन्शन घेतलेला तो बुढा शिपाई दरसाली पाय पुढं करताना म्हणे, "बाबाले पोरगी नाई अन् जावई मातर बारा." मास्तर त्याच्यावर डोळे वटारी. मास्तर म्हणजे आम्हाले धर्म शिकवणारा, नागपूरकडचा, धोतराची घडी कधी न मोडणारा.

पाद्रीबाबानं मोठ्या मुश्किलीनं अकरा जमवले. बारावा तो, माझा गाडीवाला. तो बडनेऱ्याले कापसाच्या गाठी पोचवायले गेला होता, येईन म्हणून सांगून गेला होता, पण कापसाची गाडी कोणाच्या सांगण्यावर चालते का?

पाणी तुझ्याकडे असे, हा तिथला रिवाज पडून गेला होता. मळ्यातल्या विहिरीचं पाणी, ते घंगाळात, घंगाळ ओसरीच्या टोकाले खांबाआड, त्याच्यापाशी मी. मी धारेचा साधा तांब्या भरून द्यायची, तू धार धरायची, पाद्रीबाबा परातीत एकेकाचा उजवा पाय घेऊन धुवायचा. त्या दिवशी ऊन उतरलेलं आहे पण ओसरी अजून तापलेली आहे. घंटा आजपासून शनिवारपर्यंत मुकी, म्हणून मास्तर लाकडाची खटखट वाजवून राहिला आहे. बाकावर अकरा माणसं, आणि अकराही जण घरून पाय घासून आलेले. पाद्रीबाबा दरसाली सांगे, धुऊन येऊ नका, पण ऐकते कोण? एकानं तर टाचेले तेल चोळलं होतं, पाद्रीबाबाच्या हातातून त्याचा पाय मासोळीसारखा सटकला. तू धार धरता धरता ओठ दाबून घेतले ते मी पाहिलं.

अर्धेअधिक झाले असतील, तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. तो तसाच आला. गुडघ्यापर्यंत काळी माती, घामानं ओली झालेली, तिच्यावर कापसाचे पुंजके चिकटलेले. कोणाकडे न पाहता बाकाच्या शेवटाले जाऊन बसला. बुढा शिपाई त्याच्या बाजूले होता, तो जरा सरकला. जागा करायले सरकला का दुसऱ्या कारणानं, ते देव जाणे. तू मागं वळून पाहिलं नाही. पण धार परातीच्या बाहेर पडली.

मग पाद्रीबाबाची कंबर गेली. दहाव्या माणसाचा पाय पुसून तो उठायले गेला आणि उठलाच नाही, दोघांनी धरून खुर्चीवर बसवला. घामाघूम झालेला, पण हातानं खुणावून राहिला, पुढं चालू द्या. मास्तर आला. धोतर सावरून त्यानं बुढ्या शिपायाचा पाय धुतला, पुसला. मग शेवटच्या त्या पायाकडे पाहिलं. पाहतच राहिला. मग टॉवेल खांद्यावर टाकून उभा झाला आणि म्हणाला, "पाणी संपलं. अकरा झाले, चालते."

माय, त्या गाडीवाल्याची मान तेव्हा खाली गेली. शिव्या खाल्लेला माणूस कसा बसते तसा नाही. पाहुणा समजून आलो अन् घर दुसऱ्याचं निघालं, असा बसला. पाय उचलून बाकाखाली घेऊन राहिला होता.

आणि तुझा आवाज आला. "कोण म्हणते सरलं? माह्या विहिरीचं पानी उन्हाळ्यातबी सरत नाई."

तू माझ्याकडे आली, खांबाआड वाकली, तांब्या घेऊन परत गेली आणि परातीपुढं खाली बसली. बाई माणूस त्या जागी बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. मास्तर काही बोलायले गेला, पाद्रीबाबानं खुर्चीतूनच हात वर केला. तू त्या बाराव्याचा पाय ओढून परातीत घेतला. माती सुटता सुटेना, तू अंगठ्यानं टाचेच्या भेगा घासून राहिली, गाजर धुवावं तसं. टॉवेल मास्तराच्या खांद्यावर होता, तो तू मागितला नाही, पदरानं पुसलं. आणि पुसता पुसता रागावून म्हटलं, "पाय धुऊन याले काय झालं होतं तुले?"

तो म्हणाला, "बाबानं धुऊन येऊ नोका म्हटलं होतं, मावशी."

सारी ओसरी हसली. बुढा शिपाई तर बाकावरून पडायचाच राहिला. डोळे पुसत म्हणाला, "बाई, तुनं पाय धुतले. आता पोट्टी द्या लागते." पुन्हा हसू फुटलं. पाद्रीबाबाले काही कळेना, तो याले त्याले विचारून राहिला. कोणी तरी त्याले आपल्याकडचा रिवाज सांगितला, तसा तो कंबर धरून असा हसला की दुखणं विसरला. एक तू तेवढी हसली नाही. त्या पोट्ट्याच्या हातावर भाकर आणि गूळ ठेवला, परात उचलली आणि घरी निघाली.

शुक्रवारी तू बोलली नाही. उपास होता. शनिवारी उपास सुटला तरी बोलली नाही. मी भांडी आपटली, तरी नाही. पास्काच्या रविवारी घंटा पुन्हा वाजायले लागली तेव्हा तू ती परात आणि तो धार धरायचा तांब्या घासून माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, बुढ्या शिपायाले बोलाव. तो आला. तू त्याले सांगितलं, हे त्या पोट्ट्याच्या घरी नेऊन दे. धुतलेल्या पायाची भांडी सासूच्या घरात ठेवत नाईत. मी वांग्याची टोपली घेऊन उभी होती. खाली बसली ती बसलीच. कामठीले निरोप गेला की पोरीचं जमलं.

लोकांनी काय काय म्हटलं ते तुले ठाऊक आहे. मास्तराचा राग आला म्हणून केलं, म्हणे. विहिरीले नाव ठेवलेलं माळणीले सहन झालं नाही, म्हणे. शिपायानं चारचौघांत बोललं म्हणून अडकली, म्हणे. मी लग्नानंतर तुले विचारलंही होतं, तू मळ्यात लसूण निंदून राहिली होती. तू मान वर न करता एवढंच म्हणाली, "पानी होतं." शेवटच्या दुखण्यात तू त्याच्याच हातानं पाणी प्याली, आणि तेही तोंड वाकडं करून, गार नाही म्हणून. तो अजून सांगते ते, आणि सांगताना त्याची छाती फुगते.

त्या सालानंतर तो कधी त्या बाकावर बसला नाही. म्हणे, एकदा सासूनं धुतले, आता कोणाकडून धुऊ? यंदा बसतो म्हणाला. आपली लेक पहिलटकरीण होऊन घरी आली आहे, तिच्या सासरचे लोक सणाले येऊन राहिले, ते मूळचे कोण, आम्ही मूळचे कोण, हे आता विचारायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. त्यांच्यासमोर त्याले बारावा म्हणून बसायचं आहे. सकाळीच वावरात गेला आहे, मी मुद्दाम सांगितलं, तसेच पाय घेऊन ये.

परात वाळली. आता विहिरीवर जाऊन घंगाळ भरते. हे पाठवायचं कुठं, आणि तुले तरी वाचता कुठं येत होतं, म्हणून इथंच घडी घालते. फक्त एक, जे मी नवऱ्यालेही सांगितलं नाही. मास्तर त्या दिवशी खोटं बोलला नव्हता. घंगाळ माझ्याच हाताशी होतं, मी आत वाकून पाहिलं होतं, तळाले टिपूस नव्हता. तू खांबाआड आली तेव्हा माझ्याकडे पाहिलंही नाही. पण तुझ्या तांब्याची फिरकी कुरकुरली, माय. मी ऐकलं.