टेकडीवरून आणलेल्या काठीबाबत

चि. व्हर्लिन,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद, मागितला नसलास तरी. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम सोडून तू तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरत बसला असशील, हे गृहीत धरून पुढे लिहिते. इकडे उणे अठरा आहे आणि माझी तब्येत उत्तम आहे. (डाव्या मांडीवर बशीएवढा निळा डाग आहे, त्याचं कारण खाली येईल.)

गेल्या शनिवारी सकाळी फोनवर खबर आली, की 'म्हातारा बोका' असं नाव घेतलेल्या कुणीतरी तळ्यामागच्या टेकडीवर नवा डबा लपवला आहे. लपवलेले डबे शोधण्याच्या या खेळात मला चार वर्षं झाली, पण शोधणाऱ्याने सही करायची म्हणून डब्यात जी कोरी वही असते, तिच्या पहिल्या ओळीवर माझं नाव एकदाही लागलेलं नाही. दरवेळी तिथे शेजारची लव्हॉन आधीच बसलेली असते. म्हणून कॉफी अर्धी टाकून निघाले. बर्फ गुडघाभर, हातात काठी नाही. (नाताळात तू दिलेली मी परत केली होती, मी अजून म्हातारी झालेली नाही असं सांगून. ते वाक्य मागे घेत नाही.) चढावर दोनदा आपटले. फोनने दाखवलेल्या जागी एक बर्चचं झाड, आणि त्याला टेकून कुणीतरी विसरलेली विलोच्या लाकडाची काठी. हाताने तासलेली, मूठ सुबक. लोक वस्तू कुठेही टाकून जातात, असं म्हणत मी ती उचलली आणि त्याच काठीने दोन तास बर्फ उपसला. ओंडके टोचून पाहिले, ढोल्या खरवडल्या, एका खारीचा संसार मोडला. डबा नाही. बोटं बधिर झाल्यावर तिथूनच खेळाच्या पानावर, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, की ज्याला डबा लपवता येत नाही त्याने स्वेटर विणावेत. मग काठी टेकत खाली निघाले. वाटेत लव्हॉन वर येताना भेटली.

"काय गं आर्डिस, घेतलीस शेवटी काठी?"

"वर काही नाही," मी म्हटलं. "उगाच पाय भिजवू नकोस."

हे मी प्रामाणिकपणे बोलले, याची नोंद घे. ती अंधार पडेपर्यंत वर होती.

घरी काठी शेगडीजवळ उभी केली. बर्फ वितळला, मूठ हलायला लागली, पिळली तर निघून आली. आत पोकळी, पोकळीत वहीऐवजी गुंडाळलेला कोरा कागद, आणि मुठीखाली तू कोरलेलं तुझं आद्याक्षर. लोकांच्या काखेत कळसा असतो, माझ्या मुठीत होता.

पेन्सिल घेऊन वीस मिनिटं बसले. पण गेल्या वर्षी लव्हॉनने मोटारीत बसून सही केली, म्हणून तिचं नाव मीच खोडायला लावलं होतं. स्वयंपाकघर हे मोटारीहून वाईट. नियम म्हणजे नियम: डबा जागेवर, सहीही जागेवर. तेव्हा येत्या रविवारी उजाडताच वर जाऊन काठी बर्चला टेकवणार आणि तिथेच सही करणार. (लव्हॉनही रविवारी पुन्हा जाणार आहे, पण चर्च आटोपल्यावर. तोवर वर काही नाही, हे मी तिला सांगितलेलंच आहे.)

तुझी ताई,
आर्डिस

ता. क. डबा बरा लपवला होतास. स्वेटरचं वाक्य काढून टाकलं आहे.

आणखी ता. क. वर जायला काठी आहे, खाली यायला नाही. नाताळातली अजून पडून असेल तर शनिवारच्या आत आणून दे. मागच्या दाराने ये. पुढचं दार लव्हॉनच्या खिडकीतून दिसतं.