उधन्याच्या खात्यातले झरोके

सुरत,
१२ मे २०२४

चि. गायत्रीस,
अनेक आशीर्वाद.

धुळ्यात तुझं ऑफिस नीट चाललं असेल. इकडे बरं आहे. घरी वंदनाचे गुडघे कुरकुरतात, आमचा पराग रविवारी फोन करतो. पुढच्या महिन्यात मी आर्किटेक्चर कॉलेजातून निवृत्त होतोय. थकलोय गं, नुसतं वयानं नाही.

निरोपाच्या व्याख्यानात पोरांना पुन्हा वारुळाचंच उदाहरण हवं होतं. तुला पाठ असेल: वारुळात खालून गार हवा शिरते, वरून गरम हवा निघून जाते. तेच बघून मी उधन्याचं लूम्सचं खातं, तो कापड विणायचा कारखाना, बांधला. भिंतींत खाली झरोके, छपराला उंच धुराडी. त्या एका इमारतीवर माझं नाव झालं.

नवे फोटो काढावेत म्हणून मंगळवारी तिथे गेलो. अकरा वर्षांनी.

सगळे झरोके जुन्या साड्या कोंबून बुजवलेले. धुराड्यांवर पत्रा ठोकलेला. झरोके आहेत म्हणून हवेची दुसरी सोय मी ठेवलीच नव्हती. आत श्वास कोंडला. तुझ्या पप्पांनी, लोटूभाऊंनी, मशीन थांबवून मला पाणी दिलं. म्हणाले, "साहेब, तुमना वारा भारी व्हता, पन धागानी तार तुटे."

"कधी बुजवलं?"

"पहिलाच हप्तामा."

मी नवल वाटल्यासारखा चेहरा केला. गायत्री, तो खोटा होता. त्याच आठवड्यात खात्याच्या मालकाचा, शेठचा, झरोके बंद करावे लागतील म्हणून फोन आला होता, "साहेब, हवा बंध करवी पडशे." येऊन बघतो म्हणालो आणि गेलो नाही. उद्घाटनाच्या दिवशीचे फोटो मात्र दरवर्षी वर्गात दाखवत राहिलो.

तुझ्याही वर्गात दाखवले. तू उभी राहून म्हणालीस, "सर, तिथे माझे पप्पा काम करतात. वाऱ्यानं तार तुटते. झरोके बंद आहेत." मी म्हणालो, घरच्या गप्पा घरी. वर्ग हसला. त्या सत्रात मी तुला नापास केलं. तुझं डिझाइन चांगलं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

तू सुरत सोडलीस. पप्पा त्याच उकाड्यात राबत राहिले.

बुधवारी शेठला सगळं सांगितलं. दोन दिवस लोटूभाऊंच्या शेजारी बसून हवा कुठून हवी, कुठून नको ते विचारलं आणि लिहून घेतलं. पावसाआधी झरोके बदलायचं काम सुरू होईल. हे मी अकरा वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं.

काल व्याख्यानात बुजवलेल्या झरोक्यांचे फोटो दाखवले. खरं बोलणाऱ्या एका मुलीला मी नापास केलं, हेही सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही. मग मागच्या बाकावरून श्वेता नावाच्या पोरीनं विचारलं, "सर, हे तुम्ही तिला सांगितलंत का?"

म्हणून हे पत्र. उत्तर दे, असं म्हणायचा मला हक्क नाही.

तुझ्यापुढे नापास झालेला,
सुधाकर