डोळ्यांच्या रांगेतली मावशी

उंब्रज, मंगळवार, ऑगस्ट १९९६

आजही आमच्या मनाच्या दवाखान्याचा बाक रिकामाच. फुकट असूनसुद्धा! शेजारच्या खोलीत डोळे तपासायला मात्र ही गर्दी. पाटीच काढून टाकावी का? ‘वेड्याचा डाक्टर’ म्हणून माणसं दारातनंच वळतात.

दुपारी त्या डोळ्यांच्या रांगेतनं एक मावशी माझ्याकडे आली. ओला पदर बोटाला गुंडाळलेला.

“आवं बाई, डाक्टर म्हनत्यात डोळं चांगलं हायती. मग ल्योक गेल्यापास्नं ह्ये पानी कुठनं येतंय?”

मी दार लोटलं, तिच्याजवळ बसले. ती बोलत राहिली, पदर पिळत राहिली. मी काय दिलं तिला? नुसतं ऐकलं.

तो ओला पदर अजून नजरेसमोरून हलत नाही.

जाताना दारात थांबून म्हणाली, “म्होरल्या बारीला सुनंला आनते. तिचंबी डोळं चांगलंच हायती.”