दोघांचं बिऱ्हाड

३ सप्टेंबर, मंगळवार
पोचलो. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन बॅगा वर चढवताना कंबर धरली. घरमालकीणबाई खाली उभ्या राहून किल्ली दाखवत होत्या, खुणेनेच. मीही खुणेनेच आभार मानले. दिवसभरात तोंडातून एक मराठी शब्द बाहेर पडला नाही. शेवटी आरशापुढे उभा राहून म्हणालो, "काय साहेब, फिटली का परदेशाची हौस?"

४ सप्टेंबर
दोन वर्षं काढायची आहेत इथे. आमच्या कंपनीने इथल्या कारखान्याला औषधाच्या बाटल्या भरायचं मशीन विकलं आणि मशीनबरोबर मलाही धाडून दिलं. बारा ऑपरेटर आहेत. पहिल्याच दिवशी सूचनांचा कागद भिंतीवर लावला, दुभाषी बाईंकडून त्यांच्या भाषेत करून घेऊन. चौतीस कलमं! माणसाने काय करायचं ते लिहून दिलं की घोळ होत नाही. आजवर मी असंच काम केलंय.

हिलाही यादी पाठवली. पासपोर्ट, फोटो, लग्नाचा दाखला, लोकरीचे कपडे. लेक हॉस्टेलला गेली, आता हिला अडकायला काही नाही. डिसेंबरचं तिकीट धरून चाललोय.

९ सप्टेंबर
थंडी. हीटर नुसता खडखडतो, ऊब देत नाही.

२२ सप्टेंबर, रविवार
दुसरी उशी आणली. दुसरी खुर्ची आणली — तीन मजले चढवून! समोर रिकामी खुर्ची ठेवून जेवलो तर जास्तच एकटं वाटलं. कशाला आणली ही ब्याद?

फोन केला. विचारलं, फॉर्म भरलास का? म्हणाली, "आईंचा गुडघा दुखतोय. त्यांना जरा बरं वाटू दे."

बरं.

६ ऑक्टोबर
गुडघा अजून दुखतोयच. शिवाय दाखल्यावर नाव चुकलंय म्हणे. दुष्काळात तेरावा महिना! म्हटलं, दुरुस्तीचा अर्ज कुठे करायचा ते यादीत सातव्या नंबरवर लिहिलंय. "हो, वाचलंय." एवढंच. मग मात्र माझा तोल गेला. "तुला हातपाय हलवायलाच नकोत!" तिने विचारलं, "जेवलात का?"

१९ ऑक्टोबर
मशीन रोज दुपारी बंद पडतंय. सुरू केल्याला आठवडा झाला, तेव्हापासून हेच. सगळं उघडून पाहिलं, नाकी नऊ आले. आज सगळ्यात जुने ऑपरेटर (मनातल्या मनात मी त्यांना मिशीवाले काका म्हणतो) दुभाषी बाईंना शांतपणे काहीतरी म्हणाले. दुपारी शेजारच्या विभागातली मोठी मशिनं सुरू होतात, तेव्हा आमच्या मशीनला लागणाऱ्या हवेचा दाब पडतो. वर्षानुवर्षं असंच आहे. म्हणजे यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं!

"मग सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही विचारलं नाहीत. कागद लावलात." हे सांगताना दुभाषी बाई खाली बघत होत्या.

भयंकर राग आला. कोणाचा, ते कळेना.

२ नोव्हेंबर
तीन दिवस ताप. रडलो. लिहायला लाज वाटते, पण रडलो. माणूस सत्तेचाळीसचा झाला तरी आजारपणात घरात कोणीतरी वावरायला लागतं. ती भांडी घासते त्याचा नुसता आवाज आला असता तरी चाललं असतं.

तिला ताप कळवला नाही. यादीत लोकरी मोज्यांचे दोन जोड वाढवून पाठवले.

१० नोव्हेंबर
हिचा फोन लागेना म्हणून आईला केला. विचारलं, गुडघा कसा आहे?

"माझ्या गुडघ्याला काय धाड भरलीय? रोज बाजारात चालत जाते."

मग ही कुठे आहे?

"महिना झाला, ती तिच्या ताईकडे राहते. शिवणाच्या क्लासवर शिकवायला जाते. मीच म्हटलं, जा."

डोकंच फिरलं माझं. नाही नाही ते बोललो. मी इथे दोघांचं बिऱ्हाड मांडून बसलोय आणि तुम्ही सगळ्या मिळून मला मूर्ख बनवताय! आईने बोलू दिलं. मग म्हणाली, "तू तिला कधी विचारलंस का रे, येतेस का म्हणून?"

"म्हणजे काय? तिकिटापर्यंत सगळी तयारी—"

"तयारीचं नाही विचारत मी."

११ नोव्हेंबर
कामाला गेलो नाही. फोनमधले मेसेज वर सरकवत सप्टेंबरपर्यंत गेलो. फोटो काढ. सही कर. कागद पाठव. मोजे. आईला खोटं ठरवायचं होतं, एवढ्यासाठीच वाचत होतो. एकशे बारा मेसेज. येशील का, असं एकातही नाही. आठवण येते, असंही नाही. आणि इथे वहीत पानंच्या पानं भरतोय! ही वही तिने कुठून वाचावी?

लग्न ठरलं तेव्हाही तिला वडीलधाऱ्यांनीच विचारलं होतं. मी नाही. मी हॉलची आणि आचाऱ्याची व्यवस्था बघत होतो.

१२ नोव्हेंबर
फोन उचलला तिने. म्हटलं, "मला इथे एकट्याला राहवत नाही गं. तू येशील का?" लग्नाला बावीस वर्षं झाली, पहिल्यांदाच विचारलं. ती अगदी हळू म्हणाली, "विचारलंत, बरं वाटलं. पण नाही येणार मी."