गोळीचा खाडा

३ फेब्रुवारी १९७४, रविवार

उमरेडची ती दुपार आज उगाच आठवली. लग्नाला महिनाच झाला होता. गल्लीत ताणा पसरलेला, आणि त्याच्या कडेला हे आणि ह्यांचा सोबती विणकर नत्थूजी भाकर-कांदा खात बसलेले. मी पाणी घेऊन गेले. नत्थूजीने सुताच्या सहा लड्या माझ्यापुढे टाकल्या, सगळ्या पांढऱ्या. "वहिनी, यातली जुनी कोन्ती, सांगा!" मला सहाही सारख्याच. ह्यांनी घास न थांबवता डाव्या हाताने एक बाजूला सारली. "हे. मागल्या पावसातली आहे." नत्थूजी मांडी थोपटून हसला. "हे कॉन्व्हेंटमंदी नाही शिकवत वाट्टे!"

अडतीस वर्षं झाली. आता ह्यांच्या हातात माग नाही. इथे नागपूरला विणकर सोसायटीत माल पास करायचं काम. पण डोळा तोच. मारोतरावांनी पांढरं म्हटलं की पांढरं — सेक्रेटरीसुद्धा दुसऱ्यांदा पाहत नाही.

आज रविवार, म्हणजे ह्यांच्या हृदयाच्या गोळीला सुट्टी. डिसेंबरात मधुसूदन डॉक्टरांनी ती सुरू केली. धाप कमी झाली, रात्री उशी एकच लागते. पण तिची शिस्त मोठी. रोज एक, आठवड्यात पाच दिवस. गुरुवार-रविवार नाही. ती अंगातून फार सावकाश जाते, आणि साठत गेली तर औषधाचंच विष होतं — डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं. देण्याआधी पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची. साठाच्या खाली असेल तर द्यायची नाही, त्यांना कळवायचं. शिवाय लघवी साफ व्हायची वेगळी गोळी आहे. तिने अंगातले क्षार जातात, म्हणून रोज दोन संत्री.

नाडी मोजायला मला शाळेत सिस्टर आग्नेसने शिकवलं. तिच्या छातीवर उलटं लावलेलं घड्याळ असायचं. आयर्लंडला परत जाताना ते माझ्या हातात ठेवून गेली. अजून चालतं. सेकंदकाटा जरा लंगडतो, इतकंच.

५ फेब्रुवारी, मंगळवार

नाडी ६६. गोळी दिली.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

बाटलीतल्या कागदावरची इंग्रजी अक्षरं मुंगीएवढी! ह्यांचं सूत मोजायचं भिंग घेऊन वाचली. मळमळ, अन्नावरची वासना जाणे, नाडी मंद होणे, नजरेत फरक. कागद घडी करून औषधाच्या डब्यात ठेवून दिला. ह्यांना कशाला सांगा — उगाच घाबरतील. राहिलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट करून घ्यायची नसते, तेवढं सांगितलं. "बरं" म्हणाले.

ह्यांचं "बरं" म्हणजे ऐकलं नाही.

९ फेब्रुवारी, शनिवार

वाईट दिवस.

नत्थूजी उमरेडहून नऊ लुगडी घेऊन सोसायटीत आला होता. पांढरं अंग, तांबडा करवती काठ. ह्यांनी नऊच्या नऊ बाजूला टाकली. सूत पिवळट आहे म्हणाले. सूत सोसायटीनेच दिलेलं, कोरं. म्हणजे अर्थ एकच — चांगलं सूत बाहेर विकून घरातलं जुनं घातलं. ह्यांनी तो अर्थ तोंडाने काढला नाही. काढायची गरजच पडली नाही. सेक्रेटरीने तिथल्या तिथे नत्थूजीचं सूत बंद केलं.

नत्थूजी तसाच घरी आला. दारातूनच —

"मारोत्या, बाहेर ये! चार लोकांत मले चोर ठरवलं तू?"

"मी चोर नाही म्हटलं गा. पिवळं आहे म्हटलं."

"एकच झालं ना! पाह्य, उजेडात पाह्य!" त्याने एक लुगडं ओट्यावर उलगडलं.

ह्यांनी वाकून पाहिलं. फार वेळ पाहिलं. "पिवळंच आहे, नत्थू."

तो लुगडं तिथेच टाकून गेला. पाणीही घेतलं नाही.

मी ते लुगडं घडी करून ठेवलं. मला तर पांढरंच दिसलं. पण मला कधी काय कळलं आहे सुतातलं! ह्यांचा डोळा मी अडतीस वर्षं पाहते आहे.

११ फेब्रुवारी, सोमवार

प्रयागबाई आली. नत्थूजीची बायको. एकटीच बसने, त्याला न सांगता. रदबदली करायला आली होती, पण आधी पाय दाखवले. घोट्यापाशी बोट दाबलं की खड्डा पडतो. चार पावलं चालली की दम लागतो.

"मारोतरावले असंच होत होतं ना वं? मग मलेबी दे त्यातल्या दहा-बारा गोळ्या."

मी म्हटलं, लक्षणं सारखी असली तरी दुखणं सारखं नसतं. हे औषध नाडी पाहून, वजन पाहून देतात. एकाच्या नावाची गोळी दुसऱ्याने घ्यायची नाही. इथे आलीच आहेस तर मधुसूदन डॉक्टरांकडे चल, मी येते बरोबर.

ती उठली. "राहू दे. आमचं लुगडं तुमच्याइले पिवळं, आमचं अंगबी हलकं. गोळी कायले वाया घालवता!"

मी तिला थांबवू शकले नाही. तिच्यासाठी केलेला चहा तसाच राहिला. हे आतल्या खोलीत होते. सगळं ऐकलं असणार. बाहेर आले नाहीत.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

ह्यांचं जेवण तीन दिवसांपासून कमी. आज नुसतं ताक घेतलं, तेही उलटून पडलं. चंद्रकलेने — सुनेने — धोतर धुऊन वाळत घातलं होतं, त्यावरून तिच्यावर ओरडले. सुनेवर कधी आवाज चढवत नाहीत. "नीळ घातली नाही काय? पिवळं दिसून राहिलं!" 

संध्याकाळी ओट्यावर बसून एकदम म्हणाले, "अवं, दिव्याभोवती पिवळं कडं दिसते मले. भिंतबी पिवळी. तुहा अंबाडा पिवळा." माझे केस पांढरे होऊन दहा वर्षं झाली.

"डोळे गेले माहे. उद्या सोसायटीत सांगून देतो, दुसरा माणूस पाहा."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला मात्र तो बाटलीतला कागद आठवला. डबा उघडला. कागद काढला. भिंग घेतलं. नजरेत फरक. त्यापुढे कंसात दोन इंग्रजी शब्द होते. शुक्रवारी मी ते वाचले होते! वाचून घडी घातली होती. वस्तू पिवळ्या दिसणे.

कोष्ट्याच्या घरात पांढरं पिवळं दिसलं तर दोष सुताचा. डोळ्याचा संशय कोणाला येत नाही. मलाही आला नाही — अन् मी तर वाचलेलं!

पण जास्त गोळी जाईलच कशी? बाटली माझ्या हातात. मोजून पाहिल्या. एकही इकडची तिकडे नाही.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी नाडी ४८. गोळी दिली नाही. रिक्षाने मधुसूदन डॉक्टरांकडे.

त्यांनी विचारलं, "काका आठवड्यात किती गोळ्या घेतात?"

मी म्हटलं, "पाच. मी स्वतः देते. मोजलेल्या आहेत." अभिमानानेच म्हटलं.

हे जमिनीकडे पाहत होते. "सात," म्हणाले. "पाच इच्या. दोन माह्या."

जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून वेगळी बाटली आणली होती! पानाच्या डब्यात ठेवली होती. गुरुवारी आणि रविवारी, मी पूजेला बसले की एक. जानेवारीत उमरेडच्या लग्नात दोन दिवस राहिल्या, तर परत आल्यावर तीन एकदम.

"पण सुट्टी द्यायची म्हणून सांगितलं होतं ना, काका?"

"डॉक्टरसाहेब, खळ लावून पाजणी केलेला ताणा मागावर असला का आम्ही खाडा नाही पडू देत. दोन दिवस सोडला तं सूत कडक होते, तुटते. अन् तुटलेलं टोक तिथंच जोडा लागते, नाहीतं कपड्यात वीतभर फट दिसते. मी म्हटलं, शरीर काय वेगळं आहे? मले वाटलं हे हिचंच काटकसरीचं काहीतरी असंल."

डॉक्टर हसले नाहीत. सावकाश समजावलं. दोन दिवसांची फट ही चूक नाही, तोच औषधाचा भाग आहे. त्या दोन दिवसांत आधीची गोळी अंगातून निघते. फट भरली की साठा होतो. नाडी मंदावते, भूक जाते, पिवळं दिसतं. पुढे ठोके चुकतात, आणि मग काही सांगता येत नाही. "डोळे शाबूत आहेत तुमचे. औषध जास्त झालंय."

हे माझ्याकडे वळले. मग — "म्हंजे नत्थूचं सूत..."

डॉक्टरांना कळलं नाही. मला कळलं.

रिक्षात मी विचारलं, "ती दुसरी बाटली कुठाय?"

"संपली."

१८ फेब्रुवारी, सोमवार

तीन दिवस मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात ठेवून आज घरी आणलं. दोन्ही गोळ्या बंद. नाडी ५६. चंद्रकला संत्री सोलून देते, हे मुकाट खातात. नत्थूजीचं नाव कोणी काढत नाही.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

नाडी ६२. वरण-भात खाल्ला. अजून थोडं पिवळं दिसतं म्हणाले.

२४ फेब्रुवारी, रविवार

सकाळी मी केस विंचरत होते. हे दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ.

"काय झालं?"

"पांढरे आहेत वं," म्हणाले. लग्नात माझ्याकडे पाहून इतका आनंद झाला नसेल!

मग स्वतःच कपाटातून नत्थूजीचं लुगडं काढलं. उजेडात धरलं. घडी घातली. पुन्हा उलगडलं. 

२६ फेब्रुवारी, मंगळवार

हे आज उमरेडला जाऊन आले. मी नको म्हणत होते, ऐकलं नाही. आधी सोसायटीत जाऊन सेक्रेटरीला सगळं सांगितलं — पिवळा मी होतो, सूत नाही. नऊ लुगडी पास केली. नत्थूजीचं सूत सुरू करून मगच बस पकडली.

नत्थूजी आधी बोलायलाच तयार नव्हता म्हणे. मग बोलला ते असं — "अडतीस वर्षांत माह्या सुताले नाव ठेवलं नाही तू. अन् ठेवलं तं चोरीचंच ठेवलं!" हे म्हणाले, "मार दोन." त्याने मारले नाहीत. चहा सांगितला. मागाच्या खड्ड्यापाशी दोघं म्हातारे दिवस कलेपर्यंत बसले.

"अन् प्रयागबाई?"

"तिचे पाय लय सुजले. पण रिकाम्या हातानं नाही गेलो मी." मोठ्या समाधानाने सांगितलं. संत्री नेली असतील.

१ मार्च, शुक्रवार

डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, पण अर्धी. पाच दिवस. गुरुवार-रविवार नाही. ह्यांच्याकडून म्हणवून घेतलं — "खाडा पाडायचा." बाटली माझ्या कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. नाडी ७०.

४ मार्च, सोमवार

नत्थूजीचं कार्ड आलं. प्रयागची सूज उतरली, दम कमी झाला, मारोतरावचे उपकार. होळीच्या बाजाराला गुरुवारी दोघं नागपूरला येतो, जेवायला तुमच्याकडेच.

उपकार कशाचे? भांडण मिटलं त्याचे असतील. ह्यांना कार्ड वाचून दाखवलं तर पान लावता लावता हसले. बऱ्याच दिवसांनी हसताना पाहिलं. बरं वाटलं.

७ मार्च, गुरुवार

ते दोघे आले. प्रयागबाईला मी ताक-भात वाढला. तिने ताट सारलं. दोन दिवस अन्न जात नाही, मळमळते म्हणाली. मग ताटात पाहून —

"भाताले हळद काहून लावली वं, देवकीबाई?"

भात पांढराशुभ्र होता.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. नत्थूजी म्हणत होता, "मारोत्यानं देल्लेल्या गोळ्या रोज दोन देतो मी तिले. खाडा नाही पडू देल्ला!"

तिची नाडी ४२. मधूनच एक ठोका पडतच नाही. नत्थूजी रिक्षा आणायला धावला आहे. तेवढ्यात लिहिते. हे पान फाडून चंद्रकलेला देईन.

चंद्रकले, आम्ही मेडिकलला निघालो. घड्याळ तुझ्याजवळ ठेव.
ह्यांना आज काही नाही. उद्या सकाळी अर्धी, नाडी साठ किंवा वर असेल तरच. पूर्ण मिनिट मोज. काटा लंगडतो, घाई करू नको. किल्ली देव्हाऱ्यात.
संत्री दोन.
प्रयागबाईच्या पिशवीतली बाटली मी डॉक्टरांना दाखवायला नेते. पानाचा डबा उघडून बघ. काही सापडलं तर कोणालाही द्यायचं नाही. कोणीही मागितलं तरी.
आणि ह्यांना तू रागावू नको. ते मी आल्यावर.