ओठ हालतात म्हणून

सोमवार, दिवेलागण

सुटली बाई मी एकदाची! चार दिवसांपासून शोभा, माही सून, तोंड फुगवून होती. वाढे, पण बोले नाही. मले वाटलं, दुपारी पुस्तक घेऊन बसते म्हणून राग. वाचणं सोडावं लागते का काय? मोताळ्याच्या बाजारातून आणलेलं ते जाडं पुस्तक हातात असलं का गुडघेही दुखत नाहीत. दुसरं सुख कोणतं आहे मले?

आज भाकरी थापता थापता तीच फुटली. "आत्याबाई, रोज चष्म्यावरून पाहून पाहून काऊन शिव्या पुटपुटता मले?"

घ्या! दुसरीत शाळा सुटली माही. ओठ हालल्याशिवाय अक्षर पुढं सरकत नाही.

म्हटलं, "अवं, तुले शिव्या द्यायच्या असत्या तं हळू कायले देल्या असत्या? गल्लीनं ऐकल्या असत्या."

हे तिले पटलं. हासली. म्हणे, "मंग मोठ्यानं वाचा. मलेही ऐकू द्या."

हाव म्हटलं. चष्म्यावरून तिच्याकडं पाहत होती मी, हे मात्र खरं. पुस्तकातली भांडखोर जाऊ थेट शोभासारखी आहे, तेवढं नाही सांगितलं. मनात वाचावं तं ओठ हालतात.

उद्यापासून जावेची पानं गाळावी लागतीन.